नदी फुटायच्या आधी

फेअरबँक्स, अलास्का
२६ एप्रिल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की आई म्हणते, "अगं, भांडतेस कशाला?" म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. पातेल्याचा भाग गाळू नकोस.

दरवर्षी एप्रिल आला की तुम्ही विचारता, आंब्यांना का येत नाहीस. खरं सांगायचं तर इथला पावसाळा म्हणजे हेच दिवस. वर्षाकाठी इथे जेमतेम ३०० मिलिमीटर पडतं, नाशिकच्या निम्म्याहून कमी. पण ऑक्टोबरपासून पडलेला बर्फ जागच्या जागी साठत राहतो आणि वसंतात दोन-तीन आठवड्यांत सगळा सुटतो. गंगापूर धरण आहे, पण दरवाजे आपल्या हातात नाहीत, असं समजा.

आई, तू आली होतीस तेव्हा अंगणातला ताजा बर्फ पातेलंभर आणून गॅसवर ठेवलास. चहापुरतंही पाणी निघालं नाही. "एवढंच? बाकी काय हवा होती?" हवाच होती गं! ताजा भुसभुशीत बर्फ दहा भाग असला तर पाणी जेमतेम एक भाग. हिवाळाभर दबून घट्ट झाला की अर्धा मीटर थरातून दहा सेंटिमीटर पाणी निघतं. आता दर वर्षी पहिल्या तासाला मी शेगडी आणि पातेलं घेऊन वर्गात जाते. आधी अंदाज लिहायला लावते, मग वितळवते. कुणीही बरोबर येत नाही. आमच्या जलविज्ञानाचा अर्धा जीव एवढ्यातच आहे: बर्फ किती हे महत्त्वाचं नाही, त्यात पाणी किती ते महत्त्वाचं.

बाबा, तुम्हाला आवडेल असा आडाखाही आहे. दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, त्यातल्या प्रत्येक अंशाला दिवसाकाठी साधारण दोन ते सहा मिलिमीटर पाणी बर्फातून सुटतं. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये बेतलेलं एचबीव्ही मॉडेल, म्हणजे नदीला किती पाणी येईल याचा हिशेब, आजही बर्फ असाच वितळवतं. आणि हो, इथेही नदी क्युसेकमध्येच मोजतात. गोदावरीच्या होळकर पुलाखालचा आकडा तुम्ही सांगता, तेव्हा मला भाषांतर करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र इतकी वर्षं तुम्हाला सांगितली नव्हती. शिकवायला लागण्याआधी मी नोकरी करत होते, तेव्हा एका छोट्या नदीच्या वसंतातल्या पुराचा अंदाज माझ्याकडे होता. मॉडेल माझंच, आकडे नीट, आलेख सुरेख. पाणी आलं ते माझ्या अंदाजाच्या दुपटीने. रस्त्याखालची एक मोरी वाहून गेली. माणूस कुणी दगावला नाही, एवढं नशीब.

कारण शोधायला आठवडा गेला. आदल्या शरदात उशिरा पाऊस झाला होता आणि त्यावरच थंडी पडली. माती पाणी पिऊन तशीच गोठली. फटीफटीत बर्फ, जमीन फरशीसारखी. वितळलेलं पाणी मुरायला जागाच नव्हती, आणि माझं मॉडेल मात्र नेहमीप्रमाणे त्यातलं बरंचसं जमिनीत मुरवत बसलं होतं. सगळ्यात लागलं ते पुढे. जागेवर जाणाऱ्या माणसाच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं: 'पाऊस, लगेच गोठण.' ती वही माझ्या टेबलावर होती. मी फक्त आकड्यांचे रकाने उतरवून घेतले होते.

तेव्हा तुमची डायरी आठवली, बाबा. पाटबंधाऱ्यातून घरी आलात की पातळीच्या आकड्यासमोर 'त्र्यंबककडे काळं', 'वारा पडला' असं लिहायचात. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, शहाणी झाले होते. म्हटलं, "बाबा, ढगांचं काय लिहिता, आकडे लिहा." तुम्ही काही बोलला नाहीत. शेरे लिहीत राहिलात.

त्या डायऱ्या माळ्यावर असतील. २००८ च्या सप्टेंबरातल्या पुराची पानं शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवा. वर्गात दाखवायची आहेत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला पाणी, ही आपली मोजपट्टी पोरांना सांगितली तेव्हा ती हसली नाहीत. इथेही तसंच एक आहे. तासाभराच्या वाटेवर नेनानाला गोठलेल्या नदीवर लाकडी तिपाई उभारतात (म्हणायला तिपाई, पाय चार), तिची तार काठावरच्या घड्याळाला बांधतात. बर्फ फुटून तिपाई वाहत गेली की घड्याळ थांबतं. ते कधी थांबणार यावर १९१७ साली रेल्वेच्या इंजिनिअरांनी ८०० डॉलरची पैज लावली, ती अजून दरवर्षी चालू आहे. त्या नोंदीला आता शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि हवामानाचा अभ्यास करणारे ती वापरतात.

मार्चमध्ये बाबांनी फोनवर ५ मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं सांगितलं होतं. त्याच वेळेचं पैजेचं तिकीट घेतलंय. तिपाई अजून उभी आहे. पडली की आधी आईला फोन करते, तिला ऐकू येतं.

तुमची,
मीनू