स्पीकरच्या तारा आधी तपासा

महोदय,

ठाण्यातील दुकानांत ‘टाइम अलाइन्ड’, म्हणजे आतल्या सर्व भागांचा आवाज एकाच वेळी कानी पोहोचवणारे, स्पीकर आवर्जून दाखवले जातात. त्यामागील शास्त्र खरे असले, तरी ते अर्धेच सांगितले जाते. ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा भाग) वूफरपेक्षा (खर्जाच्या भागापेक्षा) ७ सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याचा आवाज सुमारे ०.२ मिलिसेकंद आधी पोहोचतो. हे अंतर किरकोळ वाटते, पण २,५०० हर्ट्झजवळ, जिथे तरंगलांबीच सुमारे १४ सेंटिमीटर असते, तिथे दोन्ही आवाज एकमेकांना खोडू शकतात. दुसऱ्या क्रमाच्या क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खर्ज स्वर वेगळे करून त्या-त्या भागाकडे पाठवणाऱ्या परिपथाच्या एका प्रकारात) ट्वीटर अनेकदा मुद्दाम उलट्या पोलॅरिटीने, म्हणजे धन-ऋण तारांची अदलाबदल करून, जोडतात, तेही अशीच खोडाखोड टाळण्यासाठी. दोन्ही स्पीकरच्या तारा एकत्र उलट जोडल्याचा फरक, माझ्या मते, घरात नगण्य असतो. मात्र एकाच स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, तर खर्ज क्षीण होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी स्थिरावत नाही. ही फुकटची तपासणी विक्रेत्यांनी ग्राहकासमोर करून दाखवावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे