ताई, तुम्ही दादालाच विचारलंत

ताई, हे पत्र खरं तर दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ज्यांनी ज्यांनी तुमच्या टेबलासमोर बसून डोळे पुसलेत ते ओळखतीलच.

आम्ही दादाला घेऊन आलो तेव्हा स्किझोफ्रेनियाला सहा वर्षं झाली होती. त्यातलं पहिलं दीड वर्ष भगताकडे आणि देवाला कौल लावण्यात गेलं, मग दोन औषधं झाली, गुण आला नाही. रात्र रात्र ओटीवर फेऱ्या मारायचा, शेवटी तर आईच्या हातचं जेवण पण बंद केलं, त्यात काहीतरी घातलंय म्हणायचा. त्या दिवशी तुमच्यासमोर आम्ही चौघं एकदम बोलत होतो, हा असं करतो, तसं करतो, आणि तो तिथेच मान खाली घालून बसलेला. तुम्ही सगळं लिहून घेतलंत, पेन खाली ठेवलंत आणि त्याला विचारलंत, "तुम्हाला काय त्रास होतो?"

तुम्हाला! सहा वर्षांत त्याला कोणी अहो म्हटलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प, तुम्ही पण गप्प, बाबा मध्ये बोलायला लागले तर हातानेच थांबवलंत. मग तो म्हणाला, "दमलोय मी. ते बोलायचे थांबतच नाहीत." आम्हाला वाटायचं दमलोय फक्त आपण.

डॉक्टरांनी क्लोझापिन हे नवीन औषध सुरू केलं तेव्हा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं म्हटल्यावर आई घाबरली होती. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ही काळजी, हे तुम्ही तिला दोनदा समजावलंत. रात्री तोंडातून लाळ गळेल, उशीवर टॉवेल घाला, त्याला त्यावरून बोलू नका, हे पण तुम्हीच सांगितलंत. आई अजून रोज धुतलेला टॉवेल घालते.

आणि ती प्रतिनिधीची गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंट उपचारांच्या निर्णयांत मदत करणारा आपला प्रतिनिधी स्वतः निवडू शकतो हे आम्हाला कुठे माहीत होतं. बाबांनी धरूनच ठेवलेलं की आपलंच नाव लागणार, आणि दादाने माझ्याकडे बोट केलं. बाबांना ते फार लागलं. तुम्ही बाहेर बाकावर त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसलात, काय बोललात ते अजून सांगत नाहीत, पण तेव्हापासून ते दादाला "गोळी घेतलीस का"च्या आधी "जेवलास का" विचारतात.

अख्ख्या महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तुमच्या दाराबाहेरची रांग मी बघितलीय, म्हणून तो अर्धा तास किती मोठा होता ते कळतं.

त्याला ऐकू येणारे ते आवाज पूर्ण गेलेले नाहीत, कधी कधी येतात, पण आता तो आम्हाला सांगतो. सकाळी काकांच्या दुकानात बसतो, सुट्टे पैसे बरोबर देतो. पुढच्या तारखेला चिपळूणहून एसटीने एकटा यायचं म्हणतोय. मी त्याच गाडीत मागच्या सीटवर बसणार आहे. त्याला विचारलं, चालेल म्हणाला.

तुमची,
त्याची धाकटी बहीण