मापेरा आणि ती पोरं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, आफ्रिकेतले मिशनरी म्हणजे गोऱ्यांच्या बंदुकीमागून आलेले लोक, तेव्हा मी गप्प बसलो पण डोक्यातून जाईचना, म्हणून लिहायलाच बसलो.

युगांडाचंच बघ. 17 फेब्रुवारी 1879 ला फादर लूर्देल आणि ब्रदर अमान्स होडीतून व्हिक्टोरिया सरोवर पार करून एंटेबेजवळ उतरले. आर्चबिशप लाविजरीने 1868 मध्ये अल्जियर्सला काढलेल्या 'व्हाइट फादर्स' या कॅथलिक मिशनरी संघातले हे दोघं फ्रेंच, अंगात पांढरा झगा, गळ्यात जपमाळ. इंग्रजांचं राज्य तिथे 1894 मध्ये आलं, हे उतरले तेव्हा सगळं काबाकाच्या म्हणजे राजाच्या मर्जीवर. लोकांनी लूर्देलला 'मापेरा' करून टाकलं, फ्रेंच 'मों पेर'वरून, आपण नाही का पोर्तुगीज पाद्रेचा पाद्री केला, तसंच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे रे. 1882 च्या शेवटी वातावरण बिघडलं आणि फादर लोक सरोवराच्या दक्षिणेला निघून गेले ते 1885 पर्यंत आलेच नाहीत, आणि एवढ्या काळात तो नवा धर्म विझायला हवा होता ना, तर दरबारातल्या पोरांनी एकमेकांना शिकवून तो वाढवला! मग नवा काबाका म्वांगा बिथरला. दरबारातल्या सेवकांचा प्रमुख, ख्रिस्ती झालेला जोसेफ मुकासा त्याला तोंडावर बोलला, तर नोव्हेंबर 1885 मध्ये त्याचं डोकंच उडवलं. त्याच्या जागी आला चार्ल्स ल्वांगा. मे 1886 मध्ये मरण समोर दिसत असताना त्याने मुन्योन्योला रात्रीच चार पोरांना स्वतः बाप्तिस्मा दिला, फादर नाही, चर्च नाही, नुसतं पाणी. त्यातला किझितो जेमतेम चौदाचा. 3 जूनला नामुगोंगोला त्यांना बोरूच्या मोळ्यांत बांधून जिवंत जाळलं. हे लिहिताना माझा हात थांबला.

तुझं म्हणणं साफ चूक असं मी म्हणत नाही. 1892 मध्ये मेंगोला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांवर तुटून पडले, इंग्रज कंपनीचा अधिकारी लुगार्डची मॅक्सिम मशीनगन प्रोटेस्टंटांच्या बाजूने धडधडली, आणि लोक कॅथलिकांना चक्क फ्रेंच आणि प्रोटेस्टंटांना इंग्रज म्हणायचे. हे वाईटच झालं. पण किझितोला कोणी बंदूक दाखवली नव्हती, त्याला ख्रिस्ताला 'नाही' म्हण, सुटशील, एवढंच सांगितलं होतं.

1964 मध्ये पोपने म्वांगाच्या काळात असे मारलेल्या 22 कॅथलिकांना संत केलं. 3 जूनला अजून लोक कुठून कुठून पायी चालत नामुगोंगोला जातात. एकदा जाऊया का रे आपण दोघं? पत्राचं उत्तर पत्रानेच दे, फोनवर नको.

तुझाच मित्र