शरणपूरच्या मुलांबद्दल, लंडनहून

लंडन

चि. सूनबाई व घरच्या सर्वांस,
प्रभूच्या नावात सलाम.

रविवारच्या शाळेतल्या मुलांना सांगण्यासाठी तू नाशिकच्या शरणपूरची माहिती मागितली होतीस, म्हणून हे सविस्तर लिहितो. आफ्रिकेत हिंडलेला स्कॉटिश मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याची कबर इथल्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या मधल्या दालनात, फरशीत बसवलेल्या शिळेखाली आहे. निष्ठावान हातांनी त्याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणलं, असं शिळेवर सुरुवातीलाच कोरलंय. ते हात कोणाचे, हे मात्र लिहिलेलं नाही. कडेला योहान 10:16 आहे, ‘ह्या मेंढवाड्यातली नव्हेत अशी माझी दुसरी मेंढरे आहेत’. त्या दुसऱ्या मेंढरांतली काही आपल्या शरणपूरला वाढली.

गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजी आरमार मुंबईला उतरवत असे. त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ठेवली आणि लिहिण्या-वाचण्यासोबत सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. लिव्हिंग्स्टन 1865 मध्ये स्वतः नाशिकला येऊन गेला, आणि 1866 मध्ये तो आफ्रिकेत शिरला तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. जेकब वेनराईट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन ही मंडळी मागाहून, 1872 मध्ये जाऊन मिळाली.

1 मे 1873 ला, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. पुढचं मुलांना क्रमाने सांग, कारण खरी गोष्ट त्या क्रमातच आहे.

लिव्हिंग्स्टनचे जुने आफ्रिकन सोबती सुसी आणि चुमा यांनी आधी सगळ्यांना एकत्र बोलावलं. पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि जेकबने वस्तूंची यादी लिहून काढली, म्हणजे पुढे काही हरवलं तर एकावर आळ यायला नको. मग ठरलं की देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. गावात प्रेताची धास्ती, म्हणून गावाबाहेर वेगळं खोपटं उभारलं. कुंपण श्वापदांना दाद न देणारं, पण वर छप्पर नाही, कारण ऊन थेट आत यायला हवं होतं. मीठ लागणार हे ओळखून ते मणी देऊन आधीच भरपूर घेतलेलं होतं.

देह उघडायचं काम फरिजालाने केलं. तो पूर्वी झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरीला होता. मदतीला आपला कॅरस. काळीज आणि आतडी काढून पिठाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, सुमारे चार फूट खड्डा खणून तो डबा पुरला, आणि प्रार्थनापुस्तकातला दफनविधी जेकबने वाचला. पाळक नाही, देऊळ नाही. विधीत मला तरी काही उणं दिसत नाही.

नंतर देहात मीठ भरलं, चेहऱ्याला ब्रँडी लावली आणि चौदा दिवस उन्हात ठेवला. रोज एकदा कूस बदलायची, नाहीतर खालची बाजू ओली राहून सडते. वाळल्यावर लांबी कमी व्हावी म्हणून पाय गुडघ्यात दुमडले, मांजरपाट गुंडाळला, झाडाची साल अखंड सोलून तिच्या नळीत देह बसवला, वरून शिडाचं कापड शिवलं. ते ओझं दांडक्याला बांधून दोघांनी खांद्यावर न्यायचं. जेकबने झाडावर नाव आणि तारीख कोरली. वणव्यात झाड जळू नये म्हणून भोवतीचं गवत काढत राहायला चितांबोला सांगून ठेवलं. हा शेवटचा मुद्दा मुलांना नक्की सांग. पंचवीसेक वर्षांनी, 1899 मध्ये, झाड कापून तो कोरलेला भाग लंडनला आणला तोवर ते उभं होतं.

वाटेत आजारपणाने मुक्काम पडले, पण मोठा अडथळा आज टांझानियात असलेल्या क्विहाराला आला. लिव्हिंग्स्टनच्या मदतीला निघालेला इंग्रज अधिकारी लेफ्टनंट कॅमेरॉन तिथे भेटला आणि देह इथेच पुरा म्हणाला. यांनी ऐकलं नाही. पुढच्या गावांतून प्रेत जाऊ देणार नाहीत हे कळल्यावर त्यांनी ज्वारीच्या ताटांचं खोटं प्रेत बांधून काही माणसांबरोबर उघडपणे मागे पाठवलं, आणि खऱ्या देहाचा कापडाच्या व्यापाऱ्याचा असतो तसा गठ्ठा केला. हजार मैलांहून जास्त चालून 1874 च्या फेब्रुवारीत ते समुद्रकिनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले. लंडनला डॉक्टरांनी डाव्या दंडाच्या जुन्या, सिंहाने चावून मोडलेल्या हाडावरून देह ओळखला. 18 एप्रिलच्या अंत्यविधीत शवपेटीबरोबर चाललेल्या आठांत जेकब होता.

आपल्याकडे हा प्रसंग धन्यावरची भक्ती म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. यादी, मीठ, खोपटं, खोटं प्रेत, गोऱ्या अधिकाऱ्याला दिलेला नकार: यात हुकूम कोणाचाच नव्हता, धनी तर मेला होता. लांबून अस्थी घेऊन रामकुंडावर येणारी माणसं नाशिककरांनी रोज पाहिलेली आहेत. त्यांना कोणी नोकर म्हणत नाही.

आता काही सावधगिरी. चुमा शरणपूरचा नव्हे. तो मुंबईला डॉ. विल्सन यांच्या शाळेत होता. सुसीही नाशिकचा नाही. तो तेव्हा मुसलमान होता आणि त्याचा बाप्तिस्मा 1886 मध्ये झाला, डेव्हिड या नावाने. दोघांना ‘नाशिकची मुलं’ म्हणायची चूक फार चालते. अंत्यविधीलाही ते दोघे नव्हते, नंतर आले. देह आणणाऱ्या सोबत्यांसाठी साठ पदकं पाडली होती, पण माणसं पांगल्यामुळे सगळ्यांना मिळाली नाहीत. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासाला होता. तिथली फ्रीअरटाऊन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती उभारणारे प्राईस हे शरणपूरचेच पाळक.

कोणी इकडे येणार असेल तर रविवारी ॲबी फक्त उपासनेसाठी उघडी असते, पाहायला सोडत नाहीत. इतर दिवशी तिकीट लागतं, सायंप्रार्थनेला लागत नाही.

नाटुकलं बसवणार असलीस तर जेकबचं काम वाचन स्वच्छ असलेल्या मुलाला दे. दफनविधी त्याला मोठ्याने वाचावा लागेल.

सर्वांना सलाम.

तुमचे,
आबा