पंपाचे तास आणि पीएचडीतले लिटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पीएचडीवाले पाच-पाच वर्षं करतात काय, असं लोक विचारतात म्हणून लिहितोय. मी कृषी आणि नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्रात पीएचडी करतोय. नातेवाईकांना अजून वाटतं मी खतं-बियाणं शिकतो, भेटले की पानावरचा रोग दाखवतात, आणि खरं सांगू का, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

कारण आमचं पहिलं वर्ष म्हणजे निव्वळ गणित. मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र), इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं), ऑप्टिमायझेशन (सगळ्यात फायद्याचा पर्याय गणितानं काढणं) आणि मग ती क्वालिफाइंग परीक्षा, ती पास झाल्याशिवाय पुढे संशोधन नाही, तिथे अडकला तो अडकला. शेताचं नावसुद्धा निघत नाही. पण माझा राग गणितावर नाहीये हं. खाणीतला माल आज काढायचा की ठेवायचा याचा हिशोब व्याजदराशी बांधलेला असतो हे हॅरॉल्ड होटेलिंग या अर्थतज्ज्ञानं 1931 साली मांडलं, ते नुसत्या गप्पांनी नसतंच जमलं. पाणी, जंगल, मासे, सगळीकडे तोच घोर, आज उपसलं तर उद्याचं काय.

राग आहे तो फील्डवर्कला कुणी विचारत नाही याचा. शेतकऱ्यांच्या माझ्या सर्व्हेत प्रश्न होता, हंगामात किती लिटर पाणी उपसलं? एकानंही लिटरमध्ये उत्तर दिलं नाही. सगळे म्हणाले तास, "दिवसाआड चार तास पंप चालवतो". आता तासाचे लिटर करायला पंप किती हॉर्सपॉवरचा, पाइप केवढा, पाणी किती खोल हे सगळं लागतं, आणि हंगामाच्या शेवटी पाणी खोल गेलेलं असतं तेव्हा तोच पंप त्याच चार तासांत कमी पाणी देतो. मी सुरुवातीला सरळ एकच आकडा धरून गुणाकार केला होता, आणि माझ्या मॉडेलनं, म्हणजे गणिती हिशोबानं, त्या लोकांना शेवटच्या महिन्यात उधळे ठरवलं! चूक माझी होती, ती कळली विहिरीत दोर सोडून खोली मोजली तेव्हा. त्यात दोन महिने गेले तर गाइड म्हणाले, कशाला वेळ घालवतोस, तयार डेटा घे आणि पेपर काढ.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंचं उदाहरण इथे आठवतं. गणित कमी पडलं म्हणून त्यांना अर्थशास्त्राच्या पीएचडीला घेतलं नाही, त्यांनी राज्यशास्त्रात केली, 1965 मध्ये, विषय दक्षिण कॅलिफोर्नियातलं भूजल. प्रत्येकजण आपल्या विहिरीतून उपसतोय, समुद्राचं खारं पाणी आत सरकतंय, आणि तेच लोक एकत्र बसून उपशावर मर्यादा कशी घालतात हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांनाच, ते मिळवणाऱ्या पहिल्या महिला. (गणिताचा पेपर घेणाऱ्यांना तेव्हा काय वाटलं असेल कुणास ठाऊक.)

तर मागणी साधी आहे. क्वालिफाइंगच्या आधी एक अख्खा हंगाम फील्डवर सक्तीचा करा, त्याला कोर्सइतकंच क्रेडिट द्या, आणि तो वेळ फेलोशिपच्या मुदतीतून कापू नका. गणित आहे तेवढंच ठेवा, एक तासही कमी करू नका.

आपला,
एक पीएचडीवाला