बाबा, पाळकसाहेबांना घरी येऊ द्या

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय आई आणि बाबा यांना,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा जे बोलले, ते तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेऊन घरी येण्याची पाळकसाहेबांची तयारी आहे, असे आई सांगत होती आणि मागून बाबांचा आवाज आला, "कशाला त्यांना तसदी? माझ्याकडून आता चर्चच्या मंडळीचे काडीचेही काम होत नाही." मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, आणि अशी उत्तरे घाईने फोनवर देऊही नयेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

बाबा, विश्वास कसा दिसतो हे मी पहिल्यांदा तुमच्या भुवयांत पाहिले. शनिवारची रात्रपाळी संपवून तुम्ही सकाळी गिरणीतून यायचात, आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचात, आणि तरीही उपासनेत माझ्या शेजारी बसल्यावर तुमच्या भुवयांत कापसाचे बारीक तूस अडकलेले दिसायचे. मोठी प्रार्थना चालू असताना मी डोळे किलकिले करून ते मोजत बसायचे. शब्बाथशाळेत पाठ केलेली कितीतरी वचने मी विसरले, ते तूस मात्र विसरले नाही. रात्रभर उभे राहून आलेला माणूस गीताच्या पहिल्या ओळीला सगळ्यांच्या आधी उभा राहतो, यावर मुलांना वेगळे प्रवचन देण्याची गरज नसते.

पुढे गिरणी बंद पडली, थकलेले पैसे हाती आले नाहीत आणि माझी कॉलेजची फी आईच्या बांगड्या गहाण ठेवून भरली गेली. त्याच महिन्यात तुम्हाला चर्चसाठी दशमांशाचे, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचे, पाकीट भरताना पाहून मी किती वाद घातला, ते तुम्हा दोघांनाही आठवत असेल. त्यानंतर कित्येक वर्षे मी चर्चची पायरी चढले नाही आणि तुम्ही एकदाही रागावला नाहीत. आजही माझे मत असे आहे की त्या महिन्यात पाकीट भरण्यापूर्वी आईला विचारायला हवे होते. आई, तू हे कधी बोलणार नाहीस, म्हणून मी लिहिते. पण त्या पाकिटामागचा माणूस मला नंतर उमगला. देता येणे हाच तुमच्या विश्वासाचा श्वास होता. तरुणपणी तुम्ही अंगमेहनत दिली, मधल्या वयात चर्चचे पंच म्हणून वेळ दिला, हाती काही नसताना पाकीट दिले. आता पाय सुजतात, चर्चच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत, ऐकू कमी येते, आणि देणे थांबले म्हणजे सारेच थांबले असे तुम्हाला वाटू लागले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवे तिकडे जात होतास, पण म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. हे पेत्राच्या मरणाविषयी होते, असे योहान स्वतःच लिहितो, आणि तो अर्थ मी पुसत नाही. परंतु याच वाक्याला लागून प्रभू म्हणतो, "माझ्यामागे ये." म्हणजे दुसऱ्याने कंबर बांधावी अशा अवस्थेतही मागे जाणे शिल्लक असते. आणि हा तोच पेत्र आहे, ज्याने त्या शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूला आपले पाय धुऊ देण्यास नकार दिला होता. त्याला सेवा करणे सोपे होते, करून घेणे अवघड होते. बाबा, तुमचेही तसेच आहे, आणि हे मी अतिशय प्रेमाने लिहिते.

तुम्ही मला जुन्या करारातल्या बर्जिल्लयाचे उदाहरण द्याल, कारण तो तुमचा आवडता माणूस आहे आणि आता तुमच्याच वयाचा आहे. महनाईम येथे राजा दाविदाला अन्न पुरवणारा हा माणूस, राजाने यरुशलेमेस चला म्हटल्यावर म्हणतो की मी ८० वर्षांचा आहे, मला अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी आपल्याला भार का व्हावे? पण पुढचे वाचा. राजवाडा त्याने नाकारला, राजाचे चुंबन आणि आशीर्वाद नाकारला नाही. यार्देन नदीपाशी थांबून तो त्याने घेतला, मगच घरी गेला.

याकोबाच्या पत्रात तर दुखणाइताने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे अशी आज्ञाच आहे. बोलावण्याचे काम आजाऱ्याकडे दिले आहे. इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या हुतात्म्याने तेव्हाच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यातही जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भोजन घेऊन जातात, हे उपासनेचाच भाग म्हणून येते. मग यात तसदी ती कसली?

हे मी पुस्तकी लिहीत नाही. गेली दोन वर्षे आमच्या पाळकांबरोबर महिन्यातून एकदा मी भोजनाची छोटी पेटी घेऊन घरोघरी जाते. या वयात माझी प्रार्थना फार तुटक झाली आहे, ऑफिस, सासूबाईंचे औषधपाणी आणि मुलांच्या परीक्षा यांच्या फटीत बसेल तेवढीच. पण त्या दिवशी ती सलग होते. मागे एका आजींचे हात इतके थरथरत होते की पाळकांनी पेला त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी तोंड बाजूला केले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आधी पोरीला द्या, तिचा चेहरा उतरलाय." त्या दिवशी ऑफिसात माझ्यावर काय गुदरले होते, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. जिन्यात येऊन मी रडले. त्या घरी कोण काय द्यायला गेले होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

म्हणून विनंती अशी की पाळकसाहेबांना होकार कळवा. मी आदल्या दिवशी, शनिवारी, हुतात्मा एक्स्प्रेसने येते. रात्री दहाला गाडी पोहोचते, तेव्हा आई, माझ्यासाठी गरम काही करत बसू नकोस, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की पुरे. रविवारी बाबांच्या कॉटवर नवी चादर नको, गिरणीतली ती जुनी जेकॉर्डची घालू. आणि बाबा, कानाच्या यंत्राचे सेल मी घेऊन येते, म्हणजे गीत कोणते लावले आहे ते तुम्हाला ऐकू येईल.

तुमची लेक