दुखायचं थांबलं, म्हणूनच दाखवायचं

वडोदरा, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही ऐटीत सांगितलंत, "दाढ आपोआप थांबली, बघ!" मागून आई काहीतरी पुटपुटली, तेही ऐकू आलं मला. मी वाद घालायला लागले की तुमच्या फोनला नेमकी रेंज नसते, म्हणून हे पत्र.

इंदूरच्या सराफ्यात तळलेला गराडू कंद खाताना दाढेचा तुकडा उडाला, त्याला महिना झाला. (गराडू संपवलात, हे आईने सांगितलंय.) आधी गार पाण्याने सणक, मग चहानेही, मग रात्री आडवं पडलं की ठणका, आणि एके दिवशी सगळं चिडीचूप. दाढेच्या पोटात जी 'नस' म्हणतात, तिच्यात रक्तवाहिन्याही असतात. जंतू तिथवर पोचले की ती सुजते, पण भोवती कठीण भिंती, फुगायला जागाच नाही, म्हणून तो ठणका. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. शेवटी नस मरते. मग दुखणार कोण? जंतू मात्र जिवंत असतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. हिरडीवर पुळी येते-जाते असं आई म्हणाली ना, ती बहुधा पुवाने शोधलेली वाट आहे.

रूट कॅनाल म्हणजे दाढेचा हा आतला भाग साफ करणं. भूल देतात, दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, वरून छोटं भोक पाडून बारीक फायलींनी मुळातल्या नळ्या घासतात आणि औषधाने धुतात. खालच्या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या. वयाबरोबर त्या अरुंद होतात, त्यामुळे तुमच्या दाढेला वेळ लागेल, दोन-तीन खेपा होतील. चिडायचं नाही. मग नळ्यांत गटापर्चा भरतात. हा मलेशियाकडच्या एका झाडाचा चीक. तुम्ही तारखात्यातले, तुम्हाला गंमत वाटेल: 1850 साली इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जी तार टाकली, तिच्यावर याचंच आवरण होतं.

शेजारच्या काकू म्हणतात तसे डोळे वगैरे काही जात नाहीत. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. आणि त्यांचा तो धाक वरच्या दाढेचा आहे, तुमची खालची!

खरी चूक पुढे होते, आणि ती मी केली आहे. रूट कॅनाल झालं, दुखणं गेलं, म्हणून दाढेवर बसवायची कॅप "पुढच्या महिन्यात" ढकलत राहिले. आधीच पोखरलेली दाढ, त्यात मध्ये भोक. आठ महिन्यांनी भाकरीच्या कडक पापुद्र्यावर कट्ट झालं आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली. काढावीच लागली. सगळा खर्च पाण्यात. तुमची कॅप मी समोर बसून बसवून घेणार.

आई, लवंगेचं तेल कापसावर लावायला हरकत नाही, पण ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू देऊ नकोस, कातडी भाजते. बाबांची रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. रूट कॅनालसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही, फक्त डॉक्टरांना आधी सांगायचं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून ठेव.

शनिवारी सकाळी अवंतिका एक्सप्रेसने पोचते. अपॉइंटमेंट साडेअकराची घेतली आहे. भूल उतरेपर्यंत काही चावता येणार नाही, तेव्हा बाबा, पोहे खाऊन, शुगरची गोळी घेऊन तयार राहा. जिलबी नाही. आई, लक्ष ठेव, ते कोपऱ्यावरून कागदात बांधून आणतात.

तुमची,
छकुली